लष्करी सामग्री ‘फिट’ आहे असं लिहिताना नेमकं काय तपासलेलं असतं?

जुना_कारागीर, खानापूर

नमस्कार मंडळी.

आपल्या भागातलं पोरगं फौजेत गेलं म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीतच गेलं असं लोक धरून चालतात. साहजिक आहे. १९२२ पासून केंद्र बेळगावात, तिच्या पहिल्या बटालियनचं, जंगी पलटणीचं, मूळ १७६८ चं, आणि कॅम्पात वाढलेल्याला परेडचा आवाज पाठ. पण त्या पलटणीची गाडी, रेडिओ, मॉर्टर रोज चालते ठेवणारे जे हात असतात त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. मी ईएमईतला, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातला, व्हेइकल मेकॅनिक, आता निवृत्त. म्हणून हा धागा.

वर्तमानपत्रात अधूनमधून येतं, अमुक ताफ्यातली इतके टक्के विमानं उडण्याजोगी, तमुक रणगाडे इतके टक्के तयार. लगेच वादावादी. पण टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही. आणि त्याच्याही आधीचा प्रश्न असा की दोष लिहिणाऱ्याचं पुढं काय होतं. जिथं ‘अनफिट’ लिहिलं की पार्ट येतो, तिथला अहवाल खरा असतो. जिथं ‘अनफिट’ लिहिलं की फक्त लिहिणाऱ्याला बोलावणं येतं, तिथं दोष दडायला लागतात. हत्यार, गाडी, विमान, काहीही घ्या, हेच चालतं.

आधी साधं गणित. समजा एका युनिटला ५० गाड्या मंजूर आहेत. हातात ४०. त्यातल्या ३६ चालू. हातातल्या गाड्यांवर हिशेब केला तर ९० टक्के. मंजूर संख्येवर केला तर ७२. आता त्या ३६ पैकी सहांचा रेडिओ बंद असेल आणि काम कमांड पोस्टला सोबत राहायचं असेल, तर कामाच्या गाड्या ३०, म्हणजे ६०. गाड्यांचा पार्क तोच, सकाळ तीच, आणि आकडे तीन. तिन्ही बरोबर. म्हणून नुसता टक्का सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

तपासणी कशी चढत जाते तेही सांगतो. सगळ्यात खाली ड्रायव्हरची फर्स्ट परेड: तेल, पाणी, हवा, फॅन बेल्ट, ब्रेक, दिवे. मग आठवड्याची मेंटेनन्स परेड. युनिटसोबत लाइट एड डिटॅचमेंट, म्हणजे जागेवर छोटी दुरुस्ती करणारी तुकडी, ज्याला आम्ही नुसतं एलएडी म्हणायचो. त्याच्या आवाक्याबाहेरचं काम फील्ड वर्कशॉपला. पूर्ण उघडून नव्यासारखं करायचं असेल तर बेस वर्कशॉप, जसं खडकीचं ५१२ किंवा बेंगळुरूचं ५१५. रस्त्यावर येऊ न शकणारी गाडी व्हीओआर म्हणून नोंदवली जाते. वरून टेक्निकल इन्स्पेक्शन येतं ते वेगळं.

यातली सर्वांत महत्त्वाची पायरी पहिली. ड्रायव्हरनं बॉनेट न उघडता सही केली की त्यावरचे सगळे कागद पोकळ. वरचा अधिकारी कितीही प्रामाणिक असला तरी तो खालून आलेल्या आकड्यांचीच बेरीज करतो.

एक विनंती. कुणीही युनिटचं नाव, गाडीचा नंबर, आजची स्थिती इथं लिहू नका. सेवेत असलेल्यांनी फक्त वाचावं. जाहीर अहवालांत आलेलं आहे तेवढ्यावर बोलू.

सांब्रा_एअरमन

कारागीर साहेब, धागा काढलात, बरं केलंत. मी सांब्र्याच्या, हवाई दलाच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमधून निघालेला, पुढं इंजिन फिटर. विमानाच्या बाबतीत तुमचं म्हणणं आणखी कडक होतं, कारण बिघडलेली गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, विमानाला तशी कड नाही.

आमच्याकडं फॉर्म ७०० असायचा, म्हणजे विमानाच्या देखभालीचं रजिस्टर. एअरफ्रेम, इंजिन, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आर्मामेंट, प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापलं काम बघून सही करतो. मग पायलट तो वाचून विमान ताब्यात घेतो. कुठल्या माणसानं काय बघितलं हे नावानिशी राहतं. ही पद्धत मला आजही सगळ्यात सरळ वाटते.

पण ताफ्याची टक्केवारी हा वेगळाच विषय. सुखोई ३० बद्दल कॅगनं २०१५ मध्ये लिहिलं होतं की ठरलेली सर्व्हिसेबिलिटी, म्हणजे उडण्याजोग्या विमानांचं प्रमाण, ७५ टक्के, प्रत्यक्षात ५५ ते ६० मिळत होती. हवेत इंधन भरणाऱ्या आयएल ७८ ची सरासरी २०१० ते २०१६ या काळात ४९ टक्के, अपेक्षा ७० ची. वाचणाऱ्याला वाटतं मेकॅनिक झोपले होते. तसं नसतं. विमान जमिनीवर का बसलंय याची दोन कारणं कायम वेगळी लिहायला हवीत. एक, हात कमी पडले किंवा काम चालू आहे. दोन, पार्टच नाही. अमेरिकन सैन्यात या दोन्हीचे रकाने वेगळे असतात. पहिल्याला माणसं आणि प्रशिक्षण लागतं, दुसऱ्याला करार, पैसा आणि परदेशी कंपनीचा पुरवठा. दोन्ही एका आकड्यात मिसळले की वर बसलेल्याला उपाय दिसत नाही.

कॅनिबलायझेशनबद्दलही लिहितो. एका विमानाचा पार्ट काढून दुसऱ्याला लावतात, म्हणजे कागदावर एक विमान तयार होतं. पण काम दुप्पट: इथून काढा, तिथं बसवा, नवा आला की पुन्हा काढून मूळ जागी बसवा. प्रत्येक वेळी नट, सील, कनेक्टर झिजतात. आणि एक विमान हँगरच्या कोपऱ्यात दात्याचं काम करत महिनोन्महिने बसतं. आज सकाळी किती तयार, एवढंच विचाराल तर हे कधी दिसणार नाही. ते विमान सलग किती दिवस बसून आहे, हे विचारायला हवं.

जुना_कारागीर, खानापूर

अगदी. सकाळची स्थिती आणि महिन्याची स्थिती यांत फार फरक पडतो. अमेरिकन भूदलात सामग्रीचा अहवाल दिवसांवर काढतात: महिन्यात एकूण किती दिवस ती वापरता आली असती आणि प्रत्यक्षात किती दिवस होती. त्यांचा महिना १६ तारखेपासून पुढच्या १५ तारखेपर्यंत धरतात. जमिनीवरच्या सामग्रीसाठी लक्ष्य ९० टक्के, विमानांसाठी ७५. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री सगळं उभं करून काढलेल्या स्थितीपेक्षा हे खूप बरं. महिनाभराचे दिवस एका रात्रीत भरून काढता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांची घेण्यासारखी. युनिटची तयारी चार बाजूंनी मोजतात: माणसं, हातातली सामग्री, सामग्रीची अवस्था, प्रशिक्षण. चारांतली जी सर्वांत खाली, ती युनिटची श्रेणी. सरासरी नाही. ९५ टक्के गाड्या चालू आणि निम्मे ड्रायव्हर रजेवर, तर गाड्यांचे ९५ काय कामाचे?

उद्यमबाग_मशीनशॉप

मी फौजी नाही. आमचं कास्टिंग आणि मशीनिंगचं युनिट आहे, उद्यमबाग आणि मच्छे भागात असे शेकडो आहेत. माझा प्रश्न यंत्रांबद्दल. आमच्याकडं व्हर्नियर, गो आणि नो-गो गेज, सगळ्यांचं कॅलिब्रेशन ठरावीक मुदतीनं होतं. मुदत संपली की ते गेज वापरायचं नाही, जॉब कितीही अडलेला असो. मापणारं साधनच चुकलं असेल तर सगळा लॉट चुकीचा पास होतो. मग सामग्रीची तयारी मोजायला सेन्सर लावून सगळं आपोआप का करत नाहीत? माणूस सही करणार, त्याच्यावर दबाव येणार, ही भानगडच नको.

सांब्रा_एअरमन

दादा, हेलिकॉप्टरमध्ये कंपन मोजणारे सेन्सर आहेत, इंजिनमध्ये तापमान आणि तेलातल्या धातूच्या कणांवर लक्ष असतं. गिअरबॉक्सचं बेअरिंग जायला लागलं की आधी कळतं, आणि त्यामुळं माणसं वाचली आहेत. पण सेन्सर फक्त ज्या जागी लावलाय त्या जागेचं सांगतो. रबर सील वयानं कडक झालं, होज आतून सोलली, कनेक्टरवर हिरवट गंज चढला, हे बोट फिरवून आणि टॉर्च मारून बघावं लागतं. आणि सेन्सरचा इशारा आला तरी ‘आज उडवू, उद्या बघू’ असं म्हणणारा माणूसच असतो.

गडवाट_येळ्ळूर

राजहंसगडाच्या पायथ्याला राहतो, म्हणून थोडं जुनं लिहितो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांची व्यवस्था सांगितली आहे. त्यात दारूखान्याबद्दल जे आहे ते या धाग्याला थेट लागू पडतं. दारूखाना घरांपासून लांब असावा. दारू मडक्यांत भरून ठेवावी. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं, पुन्हा आत ठेवून मुद्रा करावी. तीनशे वर्षांपूर्वीचं आहे हे.

बघा, मडकी मोजा एवढंच म्हटलेलं नाही. बाहेर काढा, ऊन द्या, परत ठेवा. कारण आपल्या घाटमाथ्याच्या पावसात दारू ओल धरते, आणि मडकं जागेवर आहे म्हणून दारू पेटेलच असं नाही. आणि काम कुणाचं तेही नेमून दिलंय, हवालदाराचं. मुद्रा ही त्यानं बघितल्याची खूण. भीमगडाच्या जंगलातला पाऊस ज्यानं बघितलाय त्याला हे वेगळं समजवायला नको.

लेखापरीक्षक_टिळकवाडी

गडवाट, दारूगोळ्याचा विषय काढलात म्हणून लिहिते. मी सरकारी लेखापरीक्षणात नोकरी केली, संरक्षण खात्यात नाही, पण ते अहवाल आवडीनं वाचत आले.

दारूगोळ्याच्या बाबतीत तयारी दिवसांत मोजतात: जोरदार लढाई चालली तर साठा किती दिवस पुरेल. प्रमाण ४० दिवसांचं, किमान स्वीकारार्ह पातळी २० दिवसांची, १० च्या खाली गेलं की अवस्था गंभीर. कॅगनं २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती दिली होती. तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ४० टक्के प्रकार १० दिवसांच्याही खाली होते. यातला ‘प्रकार’ हा शब्द सोडून लोक बोलतात आणि अर्थाचा अनर्थ होतो. सगळा दारूगोळा मिळून १० दिवसांचा, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. काही प्रकार भरपूर, काही जवळजवळ नाहीत. पण तोफेला फ्यूज नसेल तर गोळा भरपूर असून उपयोग नाही, म्हणून सरासरी काढून दिलासा घेणंही चूकच.

तसंच २०१८ मध्ये उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल सरथ चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढं सांगितलं की ६८ टक्के सामग्री जुन्या पिढीची, २४ टक्के चालू काळातली आणि फक्त ८ टक्के अत्याधुनिक आहे. त्यावर ‘६८ टक्के सामग्री निकामी’ अशी ओरड झाली. जुनी आणि बिघडलेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नीट ठेवलेली जुनी तोफ आज डागता येते. नवी कोरी यंत्रणा पार्टअभावी बंद असू शकते. वय एका रकान्यात, अवस्था दुसऱ्यात, कामगिरीला पुरेशी आहे का हे तिसऱ्यात. तीन प्रश्न आहेत, तीन उत्तरं लिहा.

हिंडलगा_रोड

ताई, तुमचा अभ्यास मान्य. पण मला हे सगळं उघड्यावर मांडणंच पटत नाही. माझा भाऊ सीमेवर आहे. आपल्याकडं कुठला गोळा किती दिवस पुरेल हे शेजाऱ्यानं वाचावं का? अहवाल खरा असू दे, पण तो बंद पाकिटात असू दे.

लेखापरीक्षक_टिळकवाडी

तुमची काळजी खरी आहे, आणि ज्याचा भाऊ तिकडं आहे त्याला मी हलकं उत्तर देणार नाही. ठिकाण, युनिट, आजची संख्या, यातलं काहीही बाहेर येऊ नये. पण कुणालाच काही दिसत नाही अशी व्यवस्था झाली तर दुरुस्तीला पैसा मागणाऱ्याच्या हातात काय राहतं?

जर्मनीत दोन्ही घडलं. २०१४ मध्ये बाहेर आलं की त्यांच्या १०९ युरोफायटरपैकी ४२ च तयार होती. त्याच वर्षी नॉर्वेतल्या नाटोच्या सरावात चिलखती गाडीवर मशीनगनच्या जागी काळा रंग दिलेला झाडूचा दांडा लावलेला होता. २०१७ च्या अखेरीस सहाच्या सहा पाणबुड्या बंद. यावर तिथल्या संसदेत प्रश्न विचारले गेले, खर्च वाढवण्याची चर्चा झाली. मग २०१९ पासून सविस्तर अहवाल गोपनीय झाला. आणि डिसेंबर २०२२ मध्ये एका सरावात पुमा जातीची १८ पैकी १८ चिलखती वाहनं बंद पडली. गोपनीयतेमुळं ती बंद पडली असं मी म्हणत नाही. पण अहवाल झाकल्यानं वाहनं सुधारलीही नाहीत.

संसदेची समिती आणि लेखापरीक्षक यांना पूर्ण दिसावं, लोकांना काही काळानं ढोबळ दिसावं, एवढंच माझं मागणं.

हिंडलगा_रोड

काही काळानं आणि ढोबळ, एवढं मान्य. आजचं आज नको.

कोतवाला_दादा

मी पायदळातला, मराठाचाच. तुम्ही सगळे गाड्या, विमानांवर बोलताय. रायफलवर कुणीच नाही.

कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवायच्या खोलीत, रायफली मोजणं सोपं, रॅकमध्ये नंबर लावून उभ्या असतात. पण रायफल हजर आहे आणि रायफल लढायला तयार आहे यात अंतर आहे. झिरोइंग, म्हणजे साइट लावून नेम बरोबर बसवणं, कधी झालं? मॅगझिनच्या स्प्रिंगमध्ये दम आहे का? कारगिलच्या वेळी इन्सास रायफलीच्या मॅगझिन थंडीत तडकल्याच्या तक्रारी होत्या, हे सगळ्यांना माहीत आहे. रायफल फिट आणि मॅगझिन तडकलेलं असेल तर जवानाच्या हातात काय राहिलं? रात्री बघायच्या दुर्बिणीचंही तसंच. डबा उघडून मोजतात, चालू करून बघत नाहीत, आणि बॅटरी किती तास टिकते हे तर त्याहून नाही.

दबावाबद्दल कारागीर साहेबांनी लिहिलं ते मी बघितलंय. कुठं ते लिहिणार नाही. इन्स्पेक्शनला शेजारच्या कंपनीची चांगली वस्तू आणून मांडायची, टीम पुढं गेली की परत पाठवायची. दोन्हीकडं तीच वस्तू मोजली जाते. हे जगभर चालतं. २०१५ मध्ये अमेरिकन आर्मी वॉर कॉलेजच्या लेनर्ड वाँग आणि स्टीफन गेरास यांनी लिहिलंच की वरून इतक्या अटी येतात की सगळ्या पुऱ्या करणं वेळेतच बसत नाही, आणि अधिकाऱ्यांना न झालेल्या कामापुढं ‘झालं’ लिहायची सवय लागते. वाईट माणसं नव्हेत ती. मागणीच अशक्य केली की खोटं आपोआप तयार होतं. म्हणून मी म्हणतो, आधी रकाने कमी करा. दहा गोष्टी खऱ्या तपासलेल्या बऱ्या, शंभर टिकमार्क नकोत.

चंदगडी_पोरगा

कारागीर मामा, नमस्कार. मी चंदगड तालुक्यातला, शिकायला बेळगावात. ईएमईत जायची तयारी करालोय. एक सरळ विचारू काय? उद्या मी नवीन असलो, आणि सीनिअर म्हणाला ‘लिही गा फिट, साहेब येणार हायत’, तर मी काय करू? नाही म्हटलं तर पहिल्याच वर्षी वाईट व्हायचं. हो म्हटलं तर गाडी कुणाला तरी घेऊन घाटात जाणार.

जुना_कारागीर, खानापूर

बाळ, या प्रश्नासाठीच धागा काढला होता असं समज. नीट वाच.

सीनिअरशी वाद घालायचा नाही. पण न बघितलेल्या गोष्टीखाली सही करायची नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मध्ये बरीच जागा असते, ती वापरायला शीक. नुसतं ‘ब्रेक खराब’ लिहू नको. ‘मागचा उजवा व्हील सिलिंडर गळतो, पार्टची मागणी अमुक तारखेला केली, तोपर्यंत गाडी पार्कबाहेर नको’ असं लिही. दुसरी गाडी असेल तर ‘रेडिओ बंद, सामान वाहतुकीला चालेल, कमांडसाठी नाही’. असं लिहिलेलं वाचून चिडणारा साहेब क्वचित असतो. त्याला त्यातून निर्णय घेता येतो, आणि पार्टची मागणी वर ढकलायला कागद मिळतो. मोघम ‘अनफिट’ मात्र त्याला अडवणूक वाटते.

ब्रेक, स्टिअरिंग, हत्याराची सेफ्टी, या तीन ठिकाणी मधली जागा नाही. तिथं कुणीही सांगितलं तरी नाहीच लिहायचं. फार दाब आला तर ‘उस्ताद, तुम्ही एकदा स्वतः बघा आणि सही करा’ म्हण, आदरानं. माझा अनुभव असा की दहातले नऊ जण तेव्हा स्वतः वाकून बघतात, आणि बघितल्यावर फिट म्हणत नाहीत.

रणगाड्यावर गेलास तर आणखी सांभाळ. टी ७२ चं इंजिन सुरू होतं, चेन फिरते, पार्कात तो झकास चालतो. पण त्यात माणसं तीन: ड्रायव्हर, गनर, कमांडर. गोळा भरायला चौथा नाही, ते काम ऑटोलोडर करतो. तो अडला की हातानं भरता येतं, पण वेग पार पडतो. साइट बंद, स्टॅबिलायझर बंद, तर चालता चालता नेम नाही. चालतो म्हणून त्याला तयार लिहिलंस तर आतल्या तिघांना फसवलंस. चालणं, मारणं आणि बोलणं, म्हणजे इंजिन, तोफ आणि रेडिओ, तिन्हीची नोंद वेगळी ठेव.

चंदगडी_पोरगा

समजलं मामा. एक बारकं राहिलं. बॅटरीचं कसं लिहायचं? स्टार्टर एकदा मारला की सुरू होते, दुसऱ्यांदा नाही, असं असेल तर?

जुना_कारागीर, खानापूर

चांगलं विचारलंस, कारण बॅटरी हीच सगळ्यात जास्त वेळा दडवली जाते. इन्स्पेक्शनआधी गाडी धक्का मारून सुरू करायची आणि टीम येईपर्यंत बंदच करायची नाही, म्हणजे कुणाला कळत नाही. तू हायड्रोमीटर घे, बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारं साधन. लेड ॲसिडची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर रीडिंग १.२६ च्या आसपास येतं, १.२० च्या खाली गेलं की ती साधारण अर्ध्यावर आली. प्रत्येक सेलचं वेगळं लिही. एकच सेल पडलेला असेल तर बॅटरी बदलावी लागेल, सगळे सारखे उतरलेले असतील तर आधी चार्जिंग आणि डायनॅमो बघ. आणि रीडिंग गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी घे, फेरी मारून आल्यावर नको. वेळ आणि तारीख रीडिंगच्या शेजारीच लिही, पानाच्या खाली नको.

कोतवाला_दादा

हेच नाइट व्हिजनच्या बॅटरीला. किती तास चालली ते घड्याळ लावून बघायचं, आणि थंडीत ते तास कमी होतात, म्हणून कुठल्या जागी बघितलं तेही लिहायचं.

लेखापरीक्षक_टिळकवाडी

आणि तक्ता करशील तेव्हा मंजूर संख्येचा रकाना सगळ्यात डावीकडं ठेव. तो गाळला की पुढचे सगळे टक्के आपोआप चांगले दिसतात.